डीव्हीडी प्लेअर डिस्क वाचंना गेलाय? लेन्स बदलायच्या आधी हे क्रमानं करा

डिस्क टाकली, ट्रे आत गेला, थोडी घरघर झाली आणि स्क्रीनवर 'नो डिस्क'. नाहीतर 'लोडिंग'वरच अडकून बसला. अशा वेळी आपल्याकडं ठरलेली दोन कामं होतात. एक तर लेन्स गेली म्हणून नवी आणून लावतात, नाहीतर लेन्सच्या बाजूचा बारीक स्क्रू उगं थोडा फिरवून बघतात. लेन्स बदलूनही प्लेअर बऱ्याचदा तसाच राहतो कारण बिघाड दुसरीकडंच असतो, आणि स्क्रू फिरवलेला प्लेअर थोडे दिवस झकास चालतो अन मग कायमचा बसतो. म्हणून क्रम पाळा. सोप्याकडून अवघडाकडं, फुकटाकडून पैशाकडं. खाली मी 'पिकअप' म्हणतो तो लेन्सचा अख्खा ठोकळा, आणि 'लेन्स' म्हणजे त्याच्यावरचा फक्त तो काचेसारखा दिसणारा निळसर ठिपका, हे लक्षात ठेवा नाहीतर घोळ होईल.

हे सगळं साध्या डीव्हीडी प्लेअरसाठी आहे, जुन्या व्हीसीडी प्लेअरलाही जवळपास असंच लागू होतं.

आधी काय काय जमवायचं

फुलीचा स्क्रू ड्रायव्हर (एक मध्यम, एक बारीक), मल्टीमीटर (साधा स्वस्तातला चालतो), चिमटा, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, जुना मऊ टूथब्रश, खोडरबर, पांढरं ग्रीस आणि आयसोप्रोपाईल अल्कोहोल. हे शेवटचं मोबाईल रिपेअरिंगवाल्याकडं 'आयपीए' म्हणून मागा, छोटी बाटली लई दिवस पुरते. पिकअप बदलायची वेळ आलीच तर बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न आणि सोल्डर ओढून घ्यायची तांब्याची जाळी लागेल, पण ते नंतर.

ह्याच्या जागी घरातलं काही वापरू नका. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असतं, त्याचा थर लेन्सवर बसतो. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी हे तर अजिबात नाही, लेन्स प्लास्टिकची असते, एका पुसण्यात पांढरी पडते. खोबरेल तेल आणि शिलाई मशीनचं तेलही बाजूला ठेवा, ते का ते रॉडच्या टप्प्यात सांगतो.

जागा पण नीट निवडा. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४२-४३ वर गेलेला असतो, हवा कोरडी ठक्क, आणि अशा हवेत नायलॉनच्या चटईवर बसून टेरीकॉटचा शर्ट घालून काम केलं की अंगात स्टॅटिक, म्हणजे घर्षणानं साठणारी वीज, तयार होते. तुम्हाला ते कळणारही नाही पण पिकअपमधल्या लेझर डायोडला (लेझरचा उजेड देणाऱ्या बारीक भागाला) तेवढं बास होतं. सुती कपडे, लाकडी टेबल, आणि फॅन बंद. फॅन खाली काळ्या रानाची बारीक धूळ कशी फिरते ते उन्हाच्या तिरीपेत एकदा बघा म्हणजे पटेल.

१. प्लेअरला हात लावायच्या आधी डिस्क तपासा

निम्म्या तक्रारी इथंच मिटतात. कमीत कमी तीन डिस्क घ्या: एक कंपनीतून छापून आलेली ओरिजिनल ऑडिओ सीडी किंवा व्हीसीडी, एक ओरिजिनल डीव्हीडी आणि एक घरची, म्हणजे लग्नाची वगैरे, फोटोग्राफरनं राईट करून दिलेली. घरच्या एकाच डिस्कवरून प्लेअर बाद ठरवू नका. राईट केलेल्या डिस्कवरून प्रकाश छापील डिस्कपेक्षा कमी परत येतो, म्हणून पिकअप जरा मंदावला की पहिल्यांदा लग्नाचीच डिस्क बंद पडते आणि घरात बोंब होते.

डिस्क पुसायची ती मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल गोल नाही. मऊ सुती कापड, थोडं पाणी, लागलं तर साबणाचा एखादा थेंब. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो ट्रॅकच्या बाजूनं जातो आणि तिथली सलग माहिती खातो, आडवा ओरखडा मात्र प्लेअर चुका सुधारून पार करतो. आता डिस्क ट्यूबलाईटसमोर धरा. सीडी-व्हीसीडीवर टाचणीच्या टोकाएवढी उजेडाची भोकं दिसली तर वरचा चंदेरी थर उडालाय, त्याला इलाज नाही. सीडीचा डेटा लेबलच्या अगदी खाली असतो, म्हणून सीडीचं लेबल खरवडलं की संपली. डीव्हीडीचा डेटा १.२ मिलिमीटरच्या बरोबर मध्ये, ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असतो, ती लेबलच्या बाजूनं जरा जास्त सोसते.

आता काय चालतं अन काय नाही ते कागदावर लिहा. हे लिहिणं टाळू नका, पुढचं सगळं ह्याच्यावर आहे.

काहीच वाचत नाही: लेन्स घाण, रिबन (पिकअपला बोर्डाशी जोडणारी चपटी पट्टी), मोटर, सप्लाय (वीज पुरवणारा बोर्ड), काहीही असू शकतं, पुढं चला.

सीडी-व्हीसीडी चालतात, डीव्हीडी नाही, किंवा उलटं: पिकअपमध्ये दोन वेगळे लेझर असतात, डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा आणि सीडीचा ७८० चा, त्यातला एक थकलाय. पण लगेच निकाल देऊ नका, डीव्हीडीचे ट्रॅक लई जवळ जवळ असतात (०.७४ मायक्रॉन, सीडीचे १.६), त्यामुळं लेन्स नुसती धुरकट असली तरी पहिली डीव्हीडीच रुसते.

सुरुवात चांगली, शेवटी अडकतो: डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे पिकअप बाहेरच्या कडेपर्यंत पोचत नाही. पिकअप ज्यावर सरकतो ते रॉड, त्यांचं ग्रीस नाहीतर गिअर बघा, टप्पा ६.

पिक्चर साधारण मध्यावर थांबतो: ८.५ जीबीच्या डबल लेअर डीव्हीडीत तिथं थर बदलतो. एखाद्याच डिस्कला होत असेल तर डिस्क, सगळ्या डबल लेअरला होत असेल तर लेन्स किंवा पिकअप.

स्क्रीनवर रीजनचा (डिस्क जगाच्या कुठल्या भागासाठी आहे त्याचा) मेसेज येतो: प्लेअर ठीक आहे. आपला भारत रीजन ५ मध्ये येतो आणि आखाती देश रीजन २ मध्ये, म्हणून पाहुण्यानं सौदीवरून आणलेली ओरिजिनल डीव्हीडी इथल्या प्लेअरवर चालत नाही. ब्लूरे डिस्क तर साध्या प्लेअरवर चालणारच नाही, तिचा लेझरच वेगळा.

तपासणी: प्लेअरला यूएसबी असेल तर पेनड्राईव्हवरून गाणं वाजवून बघा. वाजलं म्हणजे मेन बोर्ड जिवंत आहे, बिघाड डिस्कच्या बाजूला आहे. यूएसबी पण अडकत असेल, मध्येच रिसेट होत असेल, तर लेन्सचा विचार सोडा आणि टप्पा ३ वर जास्त वेळ द्या.

२. खोलणं

प्लग काढा. स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. वरच्या पत्र्याचे स्क्रू मागं आणि दोन्ही बाजूंना असतात, पत्रा थोडा मागं सरकवून वर उचला. एकदम झटका देऊ नका, पुढच्या पॅनलची पट्टी अडकलेली असते. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा, विशेषतः कोणती वायर कुठं आणि कोणत्या बाजूनं आहे त्याचा. स्क्रू काढाल तसे वेगवेगळ्या झाकणांत ठेवा, पत्र्याचे आखूड अन ट्रेचे लांब मिसळले की लांब स्क्रू भलतीकडं जाऊन बोर्डाला भिडतो.

सावधान: एका बाजूला सप्लायचा छोटा बोर्ड असतो, त्याच्यावर ४०० व्होल्ट लिहिलेला जाड कपॅसिटर (वीज साठवणारा डबीसारखा भाग). २३० व्होल्ट एसीचं त्याच्यावर ३२५ च्या आसपास डीसी होतं आणि प्लग काढल्यावरही ते राहू शकतं. मल्टीमीटर डीसीच्या ६०० किंवा १००० च्या रेंजवर ठेवून त्याच्या दोन पायांवर बघा. व्होल्टेज असेल तर होल्डरमध्ये लावलेला जुना पिवळा बल्ब वायरीनं दोन पायांना धरा, उतरून जाईल, मग पुन्हा मोजा. एलईडी बल्ब ह्या कामाला चालत नाही. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून उतरवायची जी सवय आहे ती सोडा, बोर्डावरची तांब्याची रेघ पण उडते अन ठिणगी डोळ्याकडंही येते.

उघडल्या उघडल्या आत नजर टाका. शोकेसमध्ये टीव्हीखाली ठेवलेल्या प्लेअरमध्ये मुंग्यांचं वारूळ, झुरळं, पालीची लेंडी हे नवीन नाही. आधी ब्रशनं अन फुंकणीच्या रबरी फुग्यानं धूळ काढा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे थेंब लेन्सवर बसतात.

३. सप्लाय मोजा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग नवीन पिकअप लावून डोकं धरून बसतात. गावाकडं व्होल्टेजचं काही खरं नाही, लाईट आली की धक्क्यानं येते, नाहीतर संध्याकाळी डाऊन असते. ह्याचा मार सप्लायमधल्या छोट्या कपॅसिटरवर बसतो. ५ व्होल्टच्या लाईनवरचा कपॅसिटर कमजोर झाला की प्लेअर चालू होतो, मेनू येतो, ट्रे फिरतो, पण डिस्कची मोटर सुरू झाली की व्होल्टेज बसतं आणि डिस्क वाचली जात नाही.

आधी नुसत्या डोळ्यानं. कपॅसिटरचं डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं, वर चीर पडलेलं किंवा बुडाशी तपकिरी काही सांडलेलं असेल तर बदला. मायक्रोफॅराड तेवढाच, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त, १०५ डिग्रीचा, आणि वजा पट्टीची बाजू जुन्यासारखीच. उलटा लागला तर फुटतो.

मग प्लेअर चालू करून मोजा. सप्लायमधून मेन बोर्डाकडं जाणाऱ्या कनेक्टरजवळ ५, १२, ग्राउंड असं छापलेलं असतं. काळी पिन ग्राउंडला, लाल पिन ५ ला. एक हात पाठीमागं ठेवायचा, सप्लायच्या जाड कपॅसिटरवाल्या बाजूला पिन जाऊ द्यायची नाही. डिस्क टाका आणि मोटर सुरू होताना आकडा बघा. ५ च्या जवळ टिकला पाहिजे. ४.८ च्या खाली घसरत असेल किंवा नाचत असेल तर इथंच थांबा, सप्लाय दुरुस्त करा, लेन्सला नावं ठेवू नका.

४. डिस्क न टाकता प्लेअर काय करतो ते बघा

सगळ्यात कामाचा टप्पा हाच. प्लेअर चालू केला, ट्रे बंद झाला की आत ठरलेल्या क्रमानं गोष्टी होतात. कुठं क्रम तुटला ते सापडलं की बिघाड सापडला.

पहिलं, पिकअप सरकत मधल्या मोटरकडं आत जातो आणि एका छोट्या स्विचला टेकून थांबतो. दुसरं, लेन्समध्ये लाल ठिपका दिसतो. तिसरं, लेन्स वर-खाली होते, दोन-तीनदा, फोकस शोधायला. चौथं, डिस्क असेल तर मोटर फिरते. पाचवं, डिस्कच्या आतल्या कडेची यादी वाचली जाते आणि मगच स्क्रीनवर वेळ नाहीतर मेनू येतो.

सावधान: बघताना डोळा लेन्सच्या बरोबर वर न्यायचा नाही. फूट-दीड फूट लांबून, तिरकं बघा. डीव्हीडीचा लेझर लाल स्पष्ट दिसतो. सीडीचा जवळपास दिसतच नाही, अगदी फिका, पण म्हणून तो कमी धोक्याचा नाही, उलट दिसत नाही म्हणून जास्त. तो बघायचा तर मोबाईलचा कॅमेरा तिरका धरून स्क्रीनवर बघा, जांभळट पांढरा ठिपका दिसतो.

आता जुळवा:

पिकअप आत गेलाच नाही, किंवा आत जाऊनही गिअर कट-कट-कट करत राहिला: रॉड, गिअर, सरकवायची मोटर किंवा तो छोटा स्विच. टप्पा ६.

लेन्स हलते पण लाल ठिपका नाही: लेझर गेला, किंवा रिबन, किंवा नव्या पिकअपवरचं सोल्डर काढलेलं नाही. टप्पे ७ आणि ९.

ठिपका आहे पण लेन्स हलत नाही: फोकसची कॉइल (लेन्स हलवणारी तारेची गुंडाळी) किंवा रिबन.

दोन्ही ठीक, पण डिस्क टाकली तरी मोटर फिरंना गेलीय: बहुतेक लेन्स घाण. फोकस लागल्याशिवाय प्लेअर मोटरला पुढं जाऊच देत नाही, म्हणून मोटर फिरत नाही ह्याचा अर्थ मोटर गेली असा धरू नका. इथं लोक फसतात.

मोटर फिरते पण हळू, धक्के खात, किंवा उलटी अन सुसाट: टप्पा ८.

एक चूक इथंच सांगतो. डिस्क फिरताना दिसावी म्हणून वरची आडवी पट्टी काढून टाकतात. त्या पट्टीत चुंबक असलेली गोल चकती असते, ती डिस्कला टर्नटेबलवर, म्हणजे मोटरवरच्या फिरत्या बैठकीवर, दाबून धरते. ती नसली की डिस्क घसरते, हलते, आणि चांगला प्लेअरसुद्धा 'नो डिस्क' म्हणतो. पट्टी काढायचीच असेल तर चकती तरी डिस्कवर मध्यभागी बसवा.

५. लेन्स साफ करणं

प्लग काढा. कापसाच्या काडीवर आयपीएचा एक थेंब, जादा झालं तर बोटानं दाबून काढा. लेन्स चार-सहा केसासारख्या बारीक तारांवर लटकलेली असते, म्हणून दाब शून्य. काडीचं स्वतःचं वजन पडेल तेवढंच. मधून बाहेर हलकं फिरवा, मग कोरड्या काडीनं तसंच. दुसऱ्यांदा नवीन काडी घ्या, तीच घाण परत फासू नका.

साफ झालेली लेन्स बाजूनं उजेड पाडला की निळसर-जांभळी झाक मारते. धुरकट, दुधाळ दिसत असेल तर परत करा. चुलीचा धूर, फोडणीचा तेलकटपणा, देवाच्या उदबत्तीचा धूर, हे धुळीबरोबर मिसळून लेन्सवर जो चिकट थर बसतो तो ब्रशवाल्या क्लीनर डिस्कनं निघत नाही, हातानंच काढावा लागतो. ती क्लीनर डिस्क मला पटतही नाही, तिचे कडक झालेले केस लेन्सला ओढतात.

तपासणी: काडीनं लेन्स अगदी हलकी खाली करून सोडा, सरळ वर आली पाहिजे. एका बाजूला कललेली राहिली तर तार गेलीय, पिकअप बदलावाच लागेल.

त्याच वेळी टर्नटेबलही आयपीएनं पुसा. त्याच्यावरचं रबर गुळगुळीत झालं की डिस्क घसरते. आता पट्टी बसवा, ओरिजिनल डिस्क टाका. चाललं तर पुढचं काही करू नका, टप्पा ११ वर जा.

नाही चाललं तरी दहा-बारा वेळा पुसत बसू नका. लेन्सच्या खाली आत आरसा असतो, धूळ तिथं गेली असेल तर वरून कितीही पुसलं तरी फरक नाही.

६. रॉड, गिअर आणि ट्रेचा बेल्ट

पिकअप दोन स्टीलच्या रॉडवर सरकतो. जुनं ग्रीस आपल्याकडच्या उष्णतेत सुकून धुळीबरोबर डिंकासारखं होतं. गिअर हातानं फिरवून पिकअप एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं न्या, पिकअपला धरून ओढू नका, दाते तुटतात. मध्ये कुठं जड लागतंय का बघा. जड असेल तर रॉड आयपीए लावलेल्या कापडानं चकचकीत करा, गिअरच्या दात्यांतली घाण टूथब्रशनं काढा, आणि मग पांढरं ग्रीस काडीच्या टोकावर घेऊन पातळ लावा. रॉड ओला दिसला पाहिजे, ग्रीसचे गोळे नकोत.

खोबरेल तेल इथंच नको म्हटलं होतं. थंडीत गोठतं, उन्हाळ्यात वाहतं आणि लेन्सपर्यंत जातं. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, ते पण उडून तिकडंच.

आतला स्विच मल्टीमीटरच्या बीपवर तपासा. दाबला की बीप, सोडला की बंद (काहींत उलटं). अधूनमधून वाजत असेल तर आयपीएचा एक थेंब टाकून बऱ्याच वेळा दाबा-सोडा.

ट्रेचा बेल्टही इथंच बघा. ट्रे बंद झाला म्हणजे काम झालं असं नाही, ट्रे आत गेल्यावर तोच बेल्ट पिकअपचा सगळा सांगाडा वर उचलतो. बेल्ट ढिला असेल तर सांगाडा अर्धवट वर येतो, डिस्क नीट पकडली जात नाही, आणि दिसायला मात्र ट्रे पूर्ण बंद. बेल्ट आणि पुली आयपीएनं पुसा, ढिलाच असेल तर बदला. दुधाच्या पिशवीचं रबर लावून काम भागवतात ते उन्हाळ्यात आठवड्यात चिकट होऊन पुलीवर बसतं.

७. रिबन

पिकअप आणि बोर्डामधली पांढरी पट्टी, बहुतेक २४ तारांची. पिकअप सतत पुढं-मागं जात असल्यामुळं ती वळणावर आतून तुटते, बाहेरून काही दिसत नाही. ओळखायची खूण अशी, कधी चालतो कधी नाही, प्लेअर हलवला की चालतो, किंवा डिस्क सुरू होते अन पिकअप ठराविक जागी गेला की बंद.

प्लग काढून, प्लेअरच्या उघड्या पत्र्याला हात लावून स्टॅटिक घालवा, मगच रिबनला हात. कनेक्टरला लॉक असेल तर ते नखानं वर करा, मग रिबन सरळ ओढा. टोकाच्या चकाकत्या तारांवर खोडरबर हलकं फिरवा, आयपीएनं पुसा. मल्टीमीटर बीपवर ठेवून एकेक तार दोन्ही टोकांना तपासा, तपासताना रिबन वळणावर हलवत राहा. बदलताना तेवढ्याच तारांची, तेवढ्याच लांबीची, आणि तारा उघड्या असलेली बाजू दोन्ही टोकांना जुन्यासारखी. काही रिबनमध्ये दोन्ही टोकं एकाच बाजूला उघडी असतात, काहींत विरुद्ध. फोटो काढलेला असेल तर इथं कामाला येतो.

८. डिस्कची मोटर

टर्नटेबल बोटानं फिरवा. हलकं फिरलं पाहिजे, वर-खाली किंवा बाजूला डुलायला नको. मोटरची वायर किंवा जोड वेगळा करून दोन टोकांवर ओहम मोजा आणि मोजता मोजता टर्नटेबल अगदी सावकाश फिरवा. साधारण १०-१५ ओहमच्या आसपास येतं, मॉडेलप्रमाणं कमी-जास्त. एखाद्या जागी आकडा एकदम वर उडाला तर आतले ब्रश झिजलेत. अशी मोटर कधी सुरू होते कधी नाही, आणि लोक समजतात लेन्स मूडी आहे.

मोटर बदलताना खरी गोष्ट उंचीची. टर्नटेबल मोटरच्या दांड्यावर दाबून बसवलेलं असतं आणि ते एक मिलिमीटरभर जरी वर-खाली बसलं तरी लेन्सला फोकस सापडत नाही. जुनं काढायच्या आधी टर्नटेबल अन खालचा पत्रा ह्यांच्या फटीत जाड कागदाच्या पट्ट्या एकावर एक घालून बघा, बरोबर बसतील तेवढ्या एकत्र चिकटवून ठेवा. नवीन बसवताना तीच गड्डी फटीत ठेवून दाबायचं. हे जमत नसेल तर मोटर, पिकअप, रॉड सगळं एकत्र असलेला पूर्ण सेट घ्या, थोडे पैसे जास्त जातील पण डोकेदुखी जाईल.

९. पिकअप बदलणं

इथपर्यंत येऊनही वाचत नसेल तर आता बदला. जुन्या पिकअपच्या अंगावरचा नंबर बघा. आपल्याकडच्या प्लेअरमध्ये केएचएम ३१३ किंवा एसएफ-एचडी ६२, ६५ ह्या मालिका लई दिसतात. नंबर पूर्ण जुळला पाहिजे. दिसायला सारखे, रिबनही बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते, म्हणून दुकानदारानं 'हे चालतंय की' म्हटलं तरी जुना पिकअप समोर ठेवून जुळवा. घेताना लेन्सवरचं प्लास्टिकचं झाकण आणि पट्टीवरचं सोल्डर जागेवर आहे ना ते बघा. सोल्डर नसेल तर तो कुणाच्या तरी मशीनमधून काढून पुसून ठेवलेला असू शकतो.

हे सोल्डर म्हणजे नव्या पिकअपच्या पातळ पट्टीवर दोन जवळच्या ठिपक्यांना जोडणारा टिंबाएवढा गोळा. स्टॅटिकपासून डायोड वाचावा म्हणून कंपनी तो शॉर्ट करून पाठवते. क्रम असा:

पत्र्याला हात लावा. पिकअप रॉडवर बसवा. रिबन आधी पिकअपला, मग बोर्डाला जोडा. सगळ्यात शेवटी तो गोळा काढा.

उलटं केलं, म्हणजे आधी गोळा काढून मग रिबन लावत बसलात, तर नवाकोरा पिकअप हातातच जाऊ शकतो. आणि गोळा काढायचाच विसरलात तर लेझर पेटणारच नाही आणि तुम्ही दुकानात जाऊन डुप्लिकेट माल दिला म्हणून भांडाल. काढताना आयर्न तापवून प्लगमधून काढा आणि मग तांब्याच्या जाळीनं सोल्डर ओढून घ्या, दोन-तीन सेकंदांत. जास्त वेळ टेकवलं तर पट्टी जळते.

तपासणी: गोळा निघाल्यावर टप्पा ४ परत करा. ठिपका, लेन्सची हालचाल, दोन्ही दिसलं की मग डिस्क.

नवीन पिकअप, चांगली रिबन, चांगली मोटर, ५ व्होल्ट ठीक, आणि तरी काहीच हलत नसेल तर मोटर चालवणारी आयसी (बोर्डावरची काळी चिप) गेली असणार. बोर्डावर दोन्ही बाजूंना रुंद पट्ट्या असलेली ती आयसी चालू केल्यावर लगेच चटका देण्याइतकी तापते का बघा. ती बदलायला गरम हवेचं मशीन लागतं, घरी करू नका.

१०. तो बारीक स्क्रू

पिकअपच्या बाजूला असलेला हा बारीक स्क्रू, त्याला प्रीसेट म्हणतात, लेझरची ताकद ठरवतो. कंपनीत मीटर लावून सेट केलेला असतो. तो फिरवला की थकलेल्या डायोडला जास्त करंट जातो, डिस्क वाचली जाते, माणूस खुश होतो, आणि डायोड जळायच्या मार्गाला लागतो. बऱ्याच पिकअपवर दोन प्रीसेट असतात, एक सीडीचा, एक डीव्हीडीचा, घाईत भलताच फिरवला तर जे चालत होतं ते पण बंद. माझं मत असं की पिकअप कचऱ्यात जाणारच असेल आणि एखादी डिस्क एकदाच कॉपी करून घ्यायची असेल तेव्हाच ह्याला हात लावा. तेव्हाही आधी मार्करनं जागेची खूण करा आणि अगदी केसभर फिरवा.

११. बंद करायच्या आधी

पत्रा लगेच बसवू नका. एक पूर्ण पिक्चर चालू द्या, कारण उष्णतेचा बिघाड अर्ध्या-पाऊण तासानं दिसतो. मग शेवटच्या चॅप्टरवर उडी मारा, परत पहिल्यावर या, असं बऱ्याचदा करा. व्हीसीडीत शेवटचं गाणं लावा. कीर्तनाची व्हीसीडी असेल तर शेवटची पाच मिनिटं, आरतीपर्यंत, अडकली नाही पाहिजे. पत्रा बसवताना रिबन आणि वायरी त्याच्याखाली चेपत नाहीत ना बघा. जागा बदला, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवू नका, पत्र्याच्या घरात तर भिंतीपासून थोडा लांबच ठेवा.

१२. चाललाय तोवर डिस्क कॉपी करा

प्लेअर दुरुस्त झाला तरी राईट केलेल्या डिस्क हळूहळू जातातच. संगणकाला डीव्हीडी ड्राईव्ह असेल, नाहीतर यूएसबीचा बाहेरचा ड्राईव्ह मिळाला, तर डीव्हीडीतलं 'व्हिडिओ टीएस' नावाचं अख्खं फोल्डर उचलून पेनड्राईव्हवर टाका, एकेक फाईल निवडत बसू नका. व्हीसीडीत 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमधली डॅट फाईल घ्यायची, ती व्हीएलसी ह्या संगणकावरच्या प्लेअरमध्ये चालते. कॉपी मध्येच थांबून 'सायक्लिक रिडंडन्सी' असा एरर आला तर डिस्क परत पुसा आणि दुसऱ्या कंपनीच्या ड्राईव्हमध्ये लावा, एक वाचत नाही ती डिस्क दुसरा वाचतो असं नेहमी होतं. तरीही अडलं तर डीडीरेस्क्यू हा संगणकावरचा प्रोग्रॅम वापरा, तो खराब जागा सोडून पुढचं आधी काढतो आणि मग मागं येऊन राहिलेलं प्रयत्न करतो, रात्रभर चालू ठेवायची तयारी ठेवा.

आणि एखादी डिस्क कुठल्याच प्लेअरवर कधीच चालली नसेल, पण जिच्यात रेकॉर्ड केली त्या कॅमेऱ्यात चालत असेल, तर ती फायनलाईज केलेली नाही, म्हणजे दुसऱ्या प्लेअरला वाचता येईल अशी रेकॉर्डिंग बंद केलेली नाही. ती त्याच कॅमेऱ्यात घालून मेनूमधून फायनलाईज करायची. कॅमेरा विकला असेल तर त्याच कंपनीचा, तसाच दुसरा कुणाकडं मिळतो का बघा.